चाकोरीशेजारची पावलं

आमच्या त्वेरदाल गावात माणूस झोकांड्या खात चर्चमध्ये आला, तरी लोक एक वेळ पोटात घालतील. पण स्कीच्या वाटेवर कुणी बूट घालून चाललेलं खपवून घेणार नाहीत. मी तर अशा माणसाला दुकानाच्या दारातही उभा करणार नाही.

मी गुनवोर. चौकातलं खिळे-स्क्रू-रंगाचं दुकान माझं, आणि हिवाळा लागला की वाट मंडळाची अध्यक्षही मीच. अध्यक्ष म्हणजे फार काही नाही. लोकांची बोलणी खायची आणि लोकांना बोलायचं, ही दोन कामं. त्यातलं दुसरं मला बरं जमतं, असं स्तुर्ला म्हणतो. स्तुर्ला आमचं मशीन चालवतो. तो पुढे गेला की मागे बर्फ इस्त्री केल्यासारखा सपाट होत जातो, आणि त्यात शेजारी शेजारी दोन चाकोऱ्या उमटतात, एक डाव्या स्कीची, एक उजव्या. जंगल, तळं, वरचं पठार, गावाभोवती सगळीकडे या चाकोऱ्या जातात. ताज्या चाकोरीत सकाळी पहिली स्की ठेवावी आणि तिनं आपल्याला अलगद पुढे न्यावं, यापेक्षा मोठं सुख मला तरी माहीत नाही. साठी उलटली, पण त्याचा कंटाळा आला नाही.

आणि अशा वाटेवर कुणीतरी मेला बुटांनी चालत होता.

तेही कुठे, तर लांगेन तळ्याच्या काठच्या वाटेवर. ती आमची सगळ्यांत अरुंद वाट. एका बाजूला स्प्रूसची दाट झाडी, दुसऱ्या बाजूला तळं, मध्ये जेमतेम एक मशीन जाईल एवढी जागा. मार्चच्या उन्हानं दुपारी बर्फ मऊ होतो, बूट त्यात घोट्यापर्यंत रुततो आणि भोक पडतं. रात्री ते भोक गोठून दगड होतं. दुसऱ्या दिवशी कुणाची स्की त्यात अडकली की तो माणूस तोंडावर आपटलाच म्हणून समजा. मशीन आमच्याकडे एकच, त्यामुळे त्या वाटेवर स्तुर्ला आठवड्यातून दोनदाच जातो. मधल्या दिवसांत ती भोकं तशीच दात विचकत पडलेली असायची.

मी एवढी का चिडले, ते सांगायचं तर इंगेरिदबद्दल सांगायला हवं. ती माझी शाळेपासूनची मैत्रीण. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले, त्याला बरेच हिवाळे झाले. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पण लांगेनच्या वाटेवर ती रोज दुपारी जेवण झालं की स्कीवर जाते. एकटी. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, पाठीवर अंध असल्याची ती पिवळी पाटीसुद्धा नाही.

बाहेरचे लोक विचारतात, हे शक्य कसं आहे. अहो, चाकोरी आहे ना. स्की एकदा चाकोरीत बसली की चाकोरीच तिला नेते. उरलेलं काम इंगेरिदचे कान आणि तळपाय करतात. ओढा जवळ आला की बर्फाखालून पाण्याचा आवाज येतो. मोकळ्या जागी आली की डाव्या गालावर वारा लागतो. शिवाय स्तुर्लानं तिच्यासाठी एक युक्ती केली आहे. उतार सुरू व्हायच्या आधी तो चाकोरी पाडणारं पातं जरासं उचलतो, मग तेवढ्या जागेत बर्फ सपाट राहतो. पायाखालची चाकोरी गेली की इंगेरिद समजते, आता उतार, गुडघे वाकवा. पातं खाली आलं की पुन्हा चाकोरी. हे त्यानं तिला विचारून ठरवलं, आणि आजवर एकदाही चुकला नाही, त्याच्या बायकोला बाळ झालं त्या आठवड्यातसुद्धा नाही.

आणि ती जाते कशी ते बघाच. आम्ही बाकीचे चालतो, ती सरकते. एका पायावर सगळं वजन टाकून इतका वेळ सरकत राहते, की दुसरा पाय खाली टेकायचं विसरली की काय असं वाटावं. मग तो पाय येतो, अगदी वेळेवर, न घाईनं, न उशिरानं. मान ताठ, खांदे सैल. मेणाचंही तसंच. बर्फ किती थंड, त्यावरून स्कीला आज कुठल्या रंगाचं मेण लावायचं, यावरून आमच्या गावात घरोघरी भांडणं होतात. इंगेरिद दारात वाकते, मूठभर बर्फ दाबते आणि सांगते, "निळं. आणि टाचेपाशी जरासं जांभळं." मग आम्ही सगळे गुपचूप निळं लावतो. मला तिचा हेवा वाटतो, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे.

तर ही इंगेरिद मार्चच्या पहिल्या आठवड्यात पडली. खडकाच्या वळणावर, जिथे वाट सगळ्यांत चिंचोळी आहे तिथे. बुटाच्या गोठलेल्या भोकात स्की अडकली आणि ती बाजूला फेकली गेली. मनगट सुजलं, हनुवटी खरचटली. स्वतःच उठली, चाकोरी चाचपडत शोधली आणि घरी आली. पण तिची मुलगी सिग्रुन तिकडे ट्रोनहाइममध्ये डॉक्टर आहे. तिला कळलं आणि तिनं फोनवरच आकांत मांडला. शेवटी मायलेकींमध्ये एक तह झाला. इंगेरिदनं शब्द दिला, की आणखी एकदा पडले तर स्की माळ्यावर टाकीन, परत काढणार नाही.

मी तिला भेटायला गेले, तेव्हा ती स्वयंपाकघरात एका हातानं वॉफल करत होती. नवरा आस्लाक शेजारी उभा राहून पिठाचं भांडं धरत होता. आस्लाक म्हणजे माझ्या आधीचा मंडळाचा अध्यक्ष, शिस्तीचा मोठा कडक माणूस. तळ्याच्या वाटेच्या तोंडाशी पाटी आहे, ती त्यानं स्वतःच्या हातानं रंगवलेली. 'इथून पुढे फक्त स्की. बूटवाल्यांनी रस्त्यानं जावं, आणि लाज वाटत असेल तर मान खाली घालून जावं.' दोन वर्षांपूर्वी त्याच्या खुब्याचा सांधा बदलला आणि डॉक्टरनं स्की कायमची बंद केली. तेव्हापासून त्याचं बोलणंच कमी झालं आहे. घरात त्याच्या मलमाचा वास असतो, कापूर आणि डांबर मिसळल्यासारखा, खालच्या गेटपासून येतो.

"कोण आहे तो, मी शोधून काढते," मी म्हटलं. "काढते आणि त्याचे बूट त्याच्याच गळ्यात बांधते."

"जाऊ दे गं," इंगेरिद म्हणाली. "स्तुर्लाला भोकं बुजवायला सांग म्हणजे झालं."

"जाऊ दे काय? आणखी एकदा पडलीस तर संपलं ना सगळं?"

"मग नाही पडणार."

"ते काय तुझ्या हातात आहे?"

"गुनवोर, चालणाऱ्याला राहू दे," ती म्हणाली, आणि वॉफल उलटवला. "असेल कुणी बिचारा."

आस्लाक एवढा वेळ एक शब्द बोलला नव्हता. त्यानं भांडं ओट्यावर ठेवलं आणि लाकडं आणायला बाहेर गेला. मला वाटलं, रागानं गेला. मला तर इंगेरिदच्या मोठ्या मनाचं कौतुकही वाटलं आणि संतापही आला. इतकं चांगलं असू नये माणसानं, मी घरी येताना स्वतःशी बडबडत होते.

आता कुणावर संशय घ्यायचा, हा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे वाटेवर काही बिघडलं की आम्ही वर टेकडीकडे बघतो, जिथे ओस्लोवाल्यांच्या नव्या केबिन झाल्या आहेत. त्यात प्रेबेन नावाचा एक गृहस्थ राहतो, पांढऱ्या मिशांचा, मोठ्या कुत्र्याचा मालक. गावातला माणूस वाटेवर बूट घालून पाय ठेवणार नाही, याची मला सूर्य उगवण्याइतकी खात्री होती. मी स्की चढवल्या आणि थेट त्याच्या दारात गेले.

"तुम्हाला वाचता येतं का?" मी विचारलं.

"येतं," प्रेबेन म्हणाला. "बसा ना. कॉफी घेता?"

"मला कॉफी नको. तळ्याच्या वाटेवरची पाटी वाचली आहे का तुम्ही?"

"वाचली आहे. फार मजेशीर आहे."

मग मात्र मी सुटले. वाट म्हणजे काय, ती करायला किती जणांनी श्रमदान केलं आहे, एक आंधळी बाई कशी तोंडावर पडली, सगळं सगळं ऐकवलं. तो माणूस शांतपणे ऐकत राहिला. माझा श्वास संपला, तेव्हा त्यानं पायावरचं पांघरूण बाजूला केलं. डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"जानेवारीपासून," तो म्हणाला. "तुमच्याच वाटेवर पडलो. पण चूक माझी होती, चाकोरी उत्तम होती. कुत्रा शेजारी फिरवतात, रस्त्यानं."

मी उभीच राहिले. मग बसले आणि कॉफी घेतली. निघताना त्यानं मला संत्री दिली, इंगेरिदसाठी. स्तुर्लाला हे कळलं तेव्हा तो मशीनला टेकून इतका हसला की त्याला ठसका लागला.

"आता पुढे कोण? पाद्रीबाई?" त्यानं विचारलं. "त्यांचे बूट मोठे आहेत हां, मी बघितले आहेत."

"तू तोंड बंद ठेव आणि मला सांग, पावलं कुठून कुठे जातात?"

स्तुर्लानं खांदे उडवले. "गावातून येतात, खडकाच्या वळणापर्यंत जातात, आणि परत गावात. तळ्याला फेरी मारत नाही तो. आणि एक सांगू? पाय ओढतो. उजवं भोक लांबट असतं."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. उत्तर हातात ठेवलं होतं त्यानं माझ्या, पण डोक्यात शिरेल तर शपथ. कारण डोक्यात बसलं होतं की हा परगावचाच कुणीतरी आहे.

खडकाच्या वळणाच्या थोडं वर झाडीत आमच्या मंडळाचा लाकडी निवारा आहे, तीन भिंती आणि एक छप्पर, पुढची बाजू उघडी. दुसऱ्या दिवशी दुकान भावाच्या गळ्यात घातलं, थर्मास घेतला आणि जेवणाच्या आधीच वरच्या वाटेनं तिथे जाऊन बसले. ऊन छान होतं. छपरावरून पाणी ठिबकत होतं. मी काय काय बोलायचं त्याची तयारी करत बसले होते, आणि खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

आधी पावलांचा आवाज आला. करकर, मग घसट, करकर, मग घसट. झाडांतून एक उंच माणूस काठी टेकत येताना दिसला. तो चाकोरीच्या बाहेर, अगदी कडेनं चालत होता. एक पाऊल टाकायचा, थांबायचा, दुसरं टाकायचा. पण खडकापाशी कडच उरत नाही. तिथे त्यानं चाकोरीत पाय ठेवला, पलीकडे गेला आणि एका भूर्जाच्या आड उभा राहिला. टोपी काढून घाम पुसला, तेव्हा मला चेहरा दिसला.

आस्लाक होता.

माझ्या तोंडात तयार ठेवलेलं सगळं तिथेच राहिलं. मी उठणार, एवढ्यात त्यानं मान वर केली आणि वाटेकडे बघायला लागला. त्या बाजूनं काठ्यांची टकटक येत होती. मग इंगेरिद आली. मनगटाला पट्टी होती, पण चाल तीच. उतारापाशी चाकोरी संपली तशी तिनं गुडघे वाकवले, सरळ खाली आली, चाकोरीत पुन्हा बसली, वळली, आणि आस्लाकच्या समोरून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून, गेली. तो श्वास धरून उभा होता. ती झाडांमागे दिसेनाशी झाली, तरी तो तिकडेच बघत राहिला. त्याचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा बघितला नव्हता.

मी खाली उतरले.

"तू?" मी म्हटलं.

"हळू बोल," तो म्हणाला. "अजून ओढ्यावरच्या पुलाच्या अलीकडे असेल ती. कान माहीत आहेत ना तिचे."

"आस्लाक, ती पाटी तू लिहिली आहेस."

"माहीत आहे."

"मग हे काय चालवलं आहेस?"

तो खडकावर टेकला. काही वेळ काठीनं बर्फ टोकरत बसला. "डोळे गेले तेव्हा तिनं माझ्याकडून एक वचन घेतलं," तो म्हणाला. "म्हणाली, घरात हात धर, जिन्यावर धर, दुकानात धर, मी काही बोलणार नाही. पण बर्फावर नको. तिथे मला एकटीला जायचं आहे. मागे नको, पुढे नको, लपून तर मुळीच नको. मी हो म्हटलं."

"आणि तिच्यावर पहारा ठेवायला लागलास."

"पहारा कसला ठेवतोय मी? या कमरेनं? ती त्या दिवशी पडली तेव्हा मी इथेच उभा होतो, गुनवोर. याच झाडामागे. माझ्यासमोर पडली. आणि मी असायला नको होतो म्हणून मी हललो नाही. हातमोजा दातात धरून उभा राहिलो. ती काठी शोधत होती, काठी माझ्या पायाशी पडली होती, मी ती बुटानं हळूच तिच्याकडे ढकलली." त्यानं नाक ओढलं, मग म्हणाला, "काळजी म्हणून नाही येत मी. बघायला येतो."

"काय बघायला?"

"तिला. कशी जाते ती. तुला माहीत आहे, मला आता स्की नाही. टीव्हीवर बघतो, तर ती पोरं नुसती धावतात. माझं जे काही उरलं आहे, ते इथे रोज दुपारी एवढंच आहे. ती त्या वळणावरून येते तेवढं." त्यानं टोपी घातली. "आणि घरी ती मला सांगते, आज वाट कशी होती ते. मी नवीन ऐकल्यासारखं ऐकतो."

मला दया यायला हवी होती, आली पण. पण माझा स्वभाव असा, की जे म्हणायचं ते म्हटल्याशिवाय राहवत नाही.

"आस्लाक, ती पडली त्या भोकात... ते भोक तुझ्या बुटाचं होतं."

 मग त्यानं खडकापाशी स्वतःची आत्ताची पावलं बघितली, चाकोरीतली. त्याला खरंच सुचलं नव्हतं. आपण कडेनं चालतो, जपून चालतो, एवढंच त्याच्या मनात होतं. अध्यक्ष असताना दुसऱ्याचं एक पाऊल दिसलं तर मंडळाची बैठक बोलावणारा माणूस, स्वतःचं पाऊल त्याला पाऊल वाटलंच नव्हतं.

"मग नाही येणार," तो म्हणाला. एवढंच. काठी टेकून उठला आणि वाकून उघड्या हातांनी भोकात बर्फ भरायला लागला. त्याला धड वाकताही येत नव्हतं. मी म्हटलं, सोड, मी करते, तर ऐकेना. शेवटी दोघांनी मिळून सगळी भोकं बुजवली आणि वरून स्कीनं थापटली. जाताना तो वरच्या रस्त्यानं गेला, मान खाली घालून, त्यानंच पाटीवर लिहिल्यासारखा.

ते 'नाही येणार' माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मी दुकानात दोन गिऱ्हाइकांना उगीच फाडून खाल्लं. संध्याकाळी स्तुर्लाला बोलावलं आणि दार लावून सगळं सांगितलं. तो या खेपेला हसला नाही. पेन्सिल घेऊन माझ्या पुठ्ठ्यावर तळं काढलं.

"बर्फ अजून चांगला हातभर जाड आहे," तो म्हणाला. "मी बर्फावरची स्कूटर घेऊन तळ्यावरून दोन-तीन फेऱ्या मारतो, काठाला धरून, खडकाच्या समोरपर्यंत. पक्की पायवाट होईल. तिथून वळण स्वच्छ दिसतं, मध्ये झाडं नाहीत. वाटेला धक्का नाही."

"आणि लोकांनी विचारलं तर?"

"मासे धरायची वाट म्हणायचं. आस्लाकला एक गळ देऊ."

"आस्लाकनं आयुष्यात मासा धरलेला नाही."

"मग आता शिकेल की. गळ लहान असतो, कमरेला जड नाही."

मंडळाच्या बैठकीत मी विषय मांडला आणि कुणी तोंड उघडायच्या आत मंजूरही केला. आस्लाकला समजवायला मात्र वेळ लागला. एकदा मोडलेला शब्द पुन्हा मोडायचा, हे त्याला पटेना. मी म्हटलं, तू मासे धरायला जातोस, तिकडे वाटेवर कोण येतं-जातं त्याच्याशी तुझा काय संबंध. शेवटी त्यानं विचारलं, "गळाला काय लावतात?"

पहिल्या दिवशी मी निवाऱ्यात जाऊन बसले. बघायची हौस होतीच, पण स्तुर्लानं पहाटेच वाट ताजी केली होती आणि तीही नीट झाली आहे का ते बघायचं होतं. भोकाचा मागमूस नव्हता. खाली तळ्यावर, खडकाच्या समोर, आस्लाक हातात गळ घेऊन उभा होता, दगडासारखा.

ठरल्या वेळी इंगेरिद आली. उतार उतरली, वळणाला आली आणि थांबली.

ती कधीच थांबत नाही. मान वळवून तिनं कान दिला, या बाजूला, त्या बाजूला. नाकानं हवा ओढली. मग हळू आवाजात म्हणाली, "आस्लाक?"

मी जागची हलले नाही. मला काही कळेना.

"आस्लाक, कुठे आहेस?" आता आवाज चढला होता. आणि तिनं उजवी स्की उचलून चाकोरीच्या बाहेर ठेवली. मग डावी. चाकोरी सोडली की तिला दिशा राहत नाही, आणि त्या बाजूला खडक सरळ तळ्यात उतरतो. ती काठी पुढे करून त्या भूर्जाकडे, तो रोज उभा राहायचा त्या झाडाकडे निघाली.

मी अशी धावले की गुडघ्यापर्यंत बर्फात बुडले. "इंगेरिद, थांब. मी आहे, गुनवोर. पुढे येऊ नकोस."

तिनं माझा दंड घट्ट धरला.  "तो नाहीये इथे. कुठे पडलाय का तो? बघ ना, झाडामागे बघ, तिथेच उभा असतो तो."

"तुला माहीत होतं?"

"अगं, त्याच्या मलमाचा वास वर उतारापासूनच येतो. आणि श्वास असा रोखून धरतो, की सोडताना बैलासारखा आवाज होतो." ती हसली नाही. "तो कुठे आहे ते सांग आधी."

"तळ्यावर. गळ घेऊन उभा आहे. तुला दिसेल अशा... म्हणजे त्याला तू दिसशील अशा ठिकाणी. तुझ्या वाटेत भोकं पडू नयेत म्हणून आम्ही त्याला तिकडे धाडला."

तिचा हात सैल झाला. ती खाली बसली, स्कीसकट, आणि हातमोज्यानं तोंड पुसत राहिली. मी पण बसले.

"भोकं त्याची होती हे तुला माहीत होतं," मी म्हटलं. "तू पडलीस तेव्हाही."

"मग काय. काठी सरकून माझ्या हातात आली होती. काठ्या आपल्या आपण सरकतात का?"

"मग बोलली का नाहीस? आणखी एकदा पडली असतीस तर स्की संपली होती तुझी."

"बोलले असते तर तो आलाच नसता ना परत. वचन मोडलं म्हणून घरात तोंड लपवून बसला असता, तुला माहीत आहे तो कसा आहे." तिनं नाक पुसलं. "आणि उघड ये म्हटलं असतं, तर मग मी कुणीतरी सोबत आणलेली आंधळी बाई झाले असते. असं बरं होतं. तो मला बघायचा, मी त्याला दिसायची, आणि दोघं एकटे. त्यासाठी एखादं भोक मला परवडतं."

 मला बोलता आलं नाही, हे आमच्या गावात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

"त्याला सांगू नकोस हं, मला कळलं आहे ते," ती म्हणाली आणि उठली. "चाकोरी कुठे आहे?"

"तुझ्या डावीकडे, दोन पावलांवर."

तिनं काठीनं चाचपलं, एक स्की बसवली, दुसरी बसवली. टोपी सारखी केली. जाकिटाची चेन वर ओढली, मग थोडी खाली केली.

"तो नक्की कुठल्या बाजूला आहे?"

"उजवीकडे. सरळ उजवीकडे."

"बघतोय?"

मी तळ्याकडे बघितलं. "बघतोय."

"मग तू बाजूला हो, मध्ये येऊ नकोस," इंगेरिद म्हणाली आणि निघाली. तिला मी हजार वेळा जाताना बघितलं आहे, पण असं नाही. एक पाय, लांब, लांब, अजून लांब, मग दुसरा. पाठ अशी ताठ, जणू आम्ही अजून शाळेत आहोत आणि पलीकडच्या काठावर तो उंच मुलगा उभा आहे.

ती झाडांमागे गेल्यावर मी आस्लाककडे पाहिलं. त्यानं टोपी काढून हातात धरली होती आणि अजून तिकडेच बघत होता. गळाची दोरी त्याच्या पायाशी सपाट बर्फावर पडली होती. पाण्यापर्यंत भोक पाडायचं तो विसरला होता.